‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे आपल्या शिवारात का? सांगली-साताऱ्यात हवामानाचा अंदाज वाचायची पद्धत

मार्चमधली गोष्ट. शेडमधल्या रॅकवर द्राक्षं टाकून आठ दिवस झाले होते, आणखी आठवड्यात बेदाणा झाडायचा होता. सकाळी मोबाईलवर अंदाज वाचला, ‘सांगली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलका पाऊस’. तुरळक आणि वर हलका, म्हणून मी शेडचे बाजूचे पडदे वरच ठेवले आणि तासगावला गेलो. चार वाजता आभाळ काळं झालं आणि पाऊण तासात असा झोडपला, की वाऱ्याच्या बाजूचे रॅक खालपासून वरपर्यंत भिजले. तो माल काळा पडला. दोन किलोमीटरवरच्या पाहुण्यांच्या शेडवर मात्र थेंबही नव्हता.

तेव्हा मी हवामान खात्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पुढं शांतपणे तेच वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, अंदाज बरोबर होता, वाचणारा कच्चा होता. अंदाज जिल्ह्याचा असतो आणि शेत आपलं. जिल्ह्याचा अंदाज आपल्या बांधापर्यंत आणायचं काम आपल्यालाच करावं लागतं. ते मी कसं करतो ते पायरीपायरीनं सांगतो. मी द्राक्षवाला, त्यामुळं उदाहरणं बागेची येतील. ऊस, सोयाबीन, हळद किंवा नुसतं लग्नाचा मांडव घालायचा असला तरी पद्धत तीच.

पायरी १ : अंदाजातले शब्द नीट ओळखा

भारतीय हवामान खात्याच्या पत्रकात एकही शब्द उगाच आलेला नसतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या शंभर मोजणी-ठिकाणांपैकी जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याच्याही वर. हा पावसाच्या पसाऱ्याचा शब्द आहे, जोराचा नव्हे. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस मुसळधारही असू शकतो. माझी पहिली चूक इथं झाली.

दुसरी चूक ‘हलका’ या शब्दात. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलीमीटर म्हणजे हलका. १५.६ ते ६४.४ मध्यम. ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. यातली मेख अशी, की ही सगळी मापं चोवीस तासांची आहेत. आषाढात दिवसभर झिमझिम होऊन ६० मिमी पडले तर जमीन पिऊन टाकते. तेच ६० मिमी वळवात पाऊण तासात पडले तर बांध फुटतो, आणि कागदावर तो पाऊस ‘मध्यम’च राहतो. हलका पाऊससुद्धा पंधरा मिनिटांत वाऱ्याबरोबर आडवा आला तर बेदाण्याची वाट लावायला पुरतो, हे मी पैसे मोजून शिकलो.

हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे मोजतात. पेपरात ‘काल कोयनेला अमुक मिमी’ असं छापून येतं त्यात आज पहाटेचा पाऊसही असतो. अंदाजातला ‘पहिला दिवस’ही असाच उद्या साडेआठला संपतो. रात्रीच्या पावसावरून शेजाऱ्यांशी वाद घालण्याआधी हे लक्षात ठेवा.

आता रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना पाऊस किती पडेल याबरोबर त्यानं काय नुकसान होईल आणि तो पडायची शक्यता किती, हेही धरतात. एप्रिल-मेमध्ये सांगलीला पिवळा रंग येतो तो बहुतेक वेळा विजा आणि ३०-४० किमी वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासाठी. जुलैत साताऱ्याला केशरी येतो तो घाटातल्या पावसासाठी. रंग एकच, पण अर्थ निराळा. म्हणून रंगाखालची ओळ वाचल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं ढकलू नका.

पायरी २ : आपण कोणत्या पट्ट्यात बसतो ते ठरवा

हवामान खात्याच्या हिशेबात सातारा आणि सांगली दोन्ही ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात येतात. पण एका सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि दहिवडीही आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस, दहिवडीच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्हींचं सरासरी काढून काय करणार?

हा फरक का पडतो ते एकदा समजून घेतलं की निम्मा अंदाज आपला आपल्याला बांधता येतो. जूननंतर अरबी समुद्रावरून ओलं वारं येतं आणि सह्याद्रीला धडकतं. पुढं भिंत, मागून रेटा, म्हणून ते वर चढतं. वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळं हवा फुगते आणि फुगताना गार होते. कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंश गार होते. तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागलं, की वाफेतली उष्णता बाहेर पडते आणि गार व्हायचा वेग कमी होतो. ते पाणी नवजा, कोयना, महाबळेश्वर, पाथरपुंजवर कोसळतं. घाटमाथा ओलांडून वारं पूर्वेला उतरू लागलं की उलटा खेळ सुरू. हवा दाबली जाते, तापते, ढग विरतात. महाबळेश्वरपासून पाचगणी गाडीनं अर्ध्या तासावर, पण पाऊस निम्म्याहून कमी. वाईत उतरलात की आणखी कमी. आटपाडी, जत, माण, खटाव, कवठेमहांकाळ या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांनी जुलैत काळे ढग रोज पाहायचे, आणि ते न पडताच पुढं गेलेलेही पाहायचे.

म्हणून ढोबळमानानं तीन पट्टे धरा. पहिला घाट आणि त्याच्या कुशीतला : महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याचा पश्चिम भाग. दुसरा मधला नदीकाठचा : वाई, सातारा, कराड, वाळवा, पलूस, मिरज. तिसरा पूर्वेचा कोरडा. तासगाव दुसऱ्या-तिसऱ्याच्या सीमेवर, त्यामुळं आमचे हाल दोन्हीकडून. अंदाज जुलै-ऑगस्टचा असेल तर पहिल्या पट्ट्यासाठी तो खरा ठरायची खात्री जास्त असते, कारण डोंगर जागचा हलत नाही. तिसऱ्या पट्ट्याचा खरा पाऊस सप्टेंबरात आणि परतीच्या वेळी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. तो मेघगर्जनेचा असतो आणि त्याचा नेम धरणं सगळ्यात अवघड. अलीकडं खात्याच्या पत्रकात ‘सातारा घाट’ असा वेगळा उल्लेख असतो. फलटणमध्ये बसून घाटाचा लाल रंग बघून घाबरू नका आणि पाटणमध्ये बसून नुसता ‘सातारा’ वाचून निवांत राहू नका.

पायरी ३ : दोन अॅप दोन गोष्टी का सांगतात

आमचे आबा रोज सकाळी कट्ट्यावर विचारतात, “काय रं, तुझा मोबाईल काय म्हणतोय?” मी म्हणतो, “आबा, एक म्हणतोय येणार, एक म्हणतोय नाही.” आबा म्हणतात, “मग मोबाईल कशाला पायजे, एवढं तर मी बी सांगतो.”

आबांना उत्तर असं. फोनवरची बहुतेक अॅप स्वतः अंदाज काढत नाहीत. ती जगातल्या मोठ्या संगणकीय प्रारूपांचे आकडे दाखवतात. हे प्रारूप पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतं आणि एका चौकोनाला एक आकडा देतं. अमेरिकेच्या जीएफएसचा चौकोन साधारण १३ किमीचा, युरोपच्या प्रारूपाचा ९ किमीचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिचा ६ किमीचा. वळवाचा ढग असतो तीन-चार किलोमीटर रुंद. म्हणजे तो जाळीच्या भोकातून निसटतो. अॅपवर तुमच्या गावाचं नाव आणि पुढं ‘दुपारी ३ वाजता ४ मिमी’ असं दिसतं, त्यातला नेमकेपणा दिखाऊ आहे. तो आकडा तुमच्या शिवाराचा नाही, त्या अख्ख्या चौकोनाचा आहे. ४ मिमीचा खरा अर्थ : या चौकोनात कुठंतरी जोराचा पाऊस, बाकी कोरडं.

मी करतो ते असं. विंडीसारख्या अॅपवर दोन प्रारूपं शेजारीशेजारी बघता येतात. दोन्ही एक बोलली तर विश्वास ठेवायचा. एक बोललं आणि दुसरं गप्प असेल तर ‘शक्यता आहे’ एवढंच धरायचं. शिवाय ही प्रारूपं आपल्या पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचची निरीक्षणं धरून नव्यानं चालवतात आणि त्यांचं उत्तर काही तासांनी येतं. गेल्या तीन-चार वेळा उत्तर तेच राहिलं, की अंदाज पक्का होत चालला. दर वेळी पाऊस एक दिवस पुढं सरकत असेल तर सोडून द्या. पाचव्या दिवसापुढचा तासातासाचा अंदाज मी वाचतच नाही. दहा दिवसांनंतरच्या ‘सोसाट्याच्या वादळाची’ चित्रफीत टाकून घाबरवणारे यूट्यूबवाले पुष्कळ झालेत, त्यांच्या नादी लागून कुणी छाटणीची तारीख बदलू नये.

आणि नक्षत्रं? मृग, आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त ही पावसाची नक्षत्रं सूर्याच्या जागेवरून ठरतात, म्हणून त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच. मृग ७-८ जूनला निघतो आणि खात्याच्या हिशेबानंही मान्सून आपल्याकडं साधारण त्याच सुमारास येतो. तेव्हा नक्षत्र म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाची सरासरी. ती यंदाचं सांगत नाही. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला, तेव्हा रोहिणी नक्षत्र नुकतं लागलं होतं आणि आमची निम्मी मशागत व्हायची होती.

पायरी ४ : वळवाचा दिवस घड्याळ लावून बघा

हा भाग सगळ्यात लांब लिहितोय, कारण आपलं नुकसान सगळ्यात जास्त इथंच होतं.

वळीव व्हायला तीन गोष्टी लागतात : खाली ओल, वर गार हवा आणि हवेला वर ढकलणारा धक्का. मार्च ते मे जमीन तापते, तिला चिकटलेली हवा हलकी होऊन उठते. पश्चिमेकडून समुद्राचं दमट वारं येतं आणि पूर्वेकडून दख्खनचं कोरडं. ही दोन जिथं भेटतात तिथं हवेला वर जाण्यावाचून वाट नसते. मराठवाड्यापासून कर्नाटकाकडं जाणारा ‘हवेचा कमी दाबाचा पट्टा’ किंवा ‘वाऱ्यांची विसंगती’ असं पत्रकात येतं ते याच रेषेबद्दल. ती आपल्या जिल्ह्यावरून किंवा जवळून जाते असं वाचलं, की त्या दिवशी मी पडदे बांधूनच बाहेर पडतो.

सकाळी सात वाजता दवबिंदूचा, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की वाफेचं दव होऊ लागतं त्याचा, आकडा बघा. आर्द्रतेची टक्केवारी फसवते. पहाटे हवा गार असल्यानं ८० टक्के दिसते आणि दुपारी तीच हवा तापली की ३० वर येते, वाफ मात्र तेवढीच असते. दवबिंदू वाफेचं खरं माप सांगतो. मे महिन्यात तो १४-१५ च्या खाली असेल तर ढग आले तरी माझ्या अनुभवानं पाऊस क्वचित. २० च्या वर गेला, की आभाळात इंधन भरलेलं आहे.

अकरा वाजता वर बघा. कापसाचे सुटे पुंजके दिसू लागतील. ते रुंदीत पसरून विरत असतील तर वर कोरड्या उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलाय, आज बहुधा काही नाही. पण कुकरचं झाकणच ते. दुपारपर्यंत टिकलं आणि तीन-चार वाजता एके ठिकाणी फुटलं, तर दिवसभर कोंडलेली सगळी वाफ तिथूनच उसळते. अशा दिवशीचा वळीव उशिरा येतो आणि वाईट येतो.

एक-दोनच्या सुमारास ढगाचे माथे बघा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कडक, पांढरेशुभ्र आणि डोळ्यांदेखत उंच होत असतील तर पुढच्या तासाभरात कुठंतरी पाऊस आहे. माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला आणि कडा केसांसारख्या विसविशीत झाल्या, म्हणजे ढग १२-१५ किलोमीटरवर पोचला आणि त्याचं वरचं टोक बर्फाचं झालं. ऐरण ज्या बाजूला ओढली जाते ती वरच्या वाऱ्याची दिशा.

मग अचानक गार वाऱ्याचा झोत येतो, धूळ उठते आणि मातीचा वास येतो. पडणाऱ्या पावसातलं थोडं पाणी वाटेत वाफ होतं, त्यानं हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते. पत्रे उडतात, मांडव आडवे होतात ते बहुतेक वेळा या झोतानं, पावसाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. झोत आला म्हणजे पाऊस जवळ पडतोय हे नक्की, तुमच्यावर पडेलच असं नाही. पण त्याच झोतानं समोरची गरम हवा उचलली जाऊन नवा ढग तयार होतो. पहिला ढग चुकला म्हणून पडदे वर करू नका. माझ्या पाहुण्यांनी तेच केलं होतं, पुढच्या वर्षी.

गारांचं सांगतो. ढगातल्या जोरदार उसळीनं पाण्याचे थेंब शून्य अंशाच्या रेषेच्याही वर जातात. तिथं ते शून्याखाली जाऊनही काही काळ पाणीच राहतात आणि बर्फाच्या कणाला लागले की त्यावर थिजतात. थरावर थर चढून गार उसळीला पेलवेनाशी झाली की पडते. मेमध्ये ही शून्याची रेषा पाच किलोमीटरच्या आसपास असते, त्यामुळं लहान गारा वाटेतच वितळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती खाली असते, आणि उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातामुळं (पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा) वरची हवा आणखी गार झाली असेल तर गारा शाबूत खाली येतात. फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ ची राज्यभरची गारपीट आठवत असेल. द्राक्ष काढणीला आलेली, हळद शिजवून वाळत घातलेली आणि शाळू उभा असताना, म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत, हे संकट असतं.

पायरी ५ : शेवटचे दोन तास, रडार आणि वीज

वळवाचा अंदाज सकाळी ‘होईल का’ एवढाच कळतो. ‘आपल्याकडं येतोय का’ हे दुपारी रडारच सांगतं. खात्याच्या ‘मौसम’ अॅपवर आणि संकेतस्थळावर रडारची चित्रं मिळतात आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही. आपल्या भागाला गोवा, सोलापूर आणि मुंबईची रडार कामाची. निळा-हिरवा रंग म्हणजे हलका पाऊस, पिवळा-नारिंगी म्हणजे जोराचा, लाल-जांभळ्याला गारा असू शकतात.

बघायची पद्धत : लागोपाठची तीन-चार चित्रं घ्या. ढगाचा ठिपका अर्ध्या तासात किती किलोमीटर आणि कुठल्या दिशेला सरकला ते बघा. पंधरा किलोमीटर सरकला असेल तर वेग तासाला तीस. तो तुमच्यापासून तीस किलोमीटरवर असेल तर हातात एक तास. मात्र एकेक ढग अर्ध्या-पाऊण तासात म्हातारा होतो. म्हणून एकट्या ठिपक्यापेक्षा ठिपक्यांची रांग कुठं चाललीय ते धरा.

एक खाचखळगा. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वाकडी आहे. तासगावपासून ही रडार दीडशे किलोमीटरहून जास्त लांब, तेवढ्या अंतरावर किरण जमिनीपासून अडीच-तीन किलोमीटर किंवा त्याहून वर गेलेला असतो. वळवाचा ढग उंच, तो सापडतो. जुलैतला घाटातला पाऊस बुटक्या ढगांचा, तो किरणाखालून निसटतो. पावसाळ्यात रडार कोरं दिसतं आणि बाहेर धो धो असतो तो यामुळं. तेव्हा रडारवर चिडू नका, खिडकीतून बघा.

विजेसाठी ‘दामिनी’ अॅप आहे, तेही पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं. २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडली की ते सांगतं. नेट नसेल तर मोजा. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम तिथंच सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली उभं राहायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. द्राक्षवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : मांडवाच्या तारा एकरभर एकमेकींना जोडलेल्या असतात. एका टोकाला वीज पडली तर दुसऱ्या टोकाला तारेला हात लावलेला माणूसही धोक्यात. तारेचं कुंपण, विहीर, मोटारीची पेटी यांपासूनही लांब. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी चालेल, पत्र्याची उघडी शेड चालणार नाही. उघड्यावर सापडलातच तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

पायरी ६ : पावसाळ्यात सांगलीकरांनी सांगलीचा अंदाज वाचून भागत नाही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ते पाणी मुख्यतः घाटातलं होतं. म्हणून पुरासाठी बघायचा अंदाज सातारा घाटाचा आणि कोल्हापूर घाटाचा.

घाटात पाऊस कधी चढतो? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन मध्य भारताकडं सरकू लागलं, की ते अरबी समुद्रावरचं वारं जोरात ओढून घेतं. त्याच वेळी गुजरातपासून केरळच्या दिशेनं किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असेल तर घाटाचं काम वाढतं. हे दोन्ही उल्लेख एका पत्रकात आले, की नदीकाठच्या माणसानं पुढचे चार-पाच दिवस जागं राहावं.

पुढं साधा हिशेब. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर. त्या सगळ्यावर १०० मिमी पडला आणि सगळाच वाहून आला तर धरणात तीन टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) वर पाणी येतं. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. आज साठा किती आणि घाटात चार दिवस किती पाऊस सांगितलाय, यावरून दरवाजे उघडतील का याचा अंदाज घरबसल्या येतो. विसर्गही असाच वाचा : दिवसभर साधारण ११,५७४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, सोडलं की एक टीएमसी संपतो. म्हणजे दहा हजार क्युसेक ऐकून घाबरायचं कारण नाही, पण लाखाचा आकडा आला तर दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी खाली येतंय.

मग पातळ्या वरून खाली बघत या. कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते, तिथून बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आयर्विन. भिलवडीला चढ थांबला असेल तर सांगलीला तो काही तासांनी थांबेल. अपवाद वारणेचा. ती हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या खाली, कृष्णेला मिळते. वारणेवरच्या चांदोली धरणातूनही मोठा विसर्ग असेल तर वारणेचं पाणी कृष्णेला पुढं सरकू देत नाही आणि भिलवडी उतरली तरी आयर्विनची फुटपट्टी रेंगाळते. पाटबंधारे खात्याचं तासातासाचं पत्रक पुराच्या दिवसांत गावोगावच्या ग्रुपवर फिरतं. त्यावर तारीख आणि वेळ आहे का ते आधी बघा. कालचं पत्रक आज फिरल्यानं किती जणांनी रात्री सामान माळ्यावर चढवलंय!

पायरी ७ : थंडीचं थोडक्यात

धुकं आणि दव दोन्हींची आई एकच, निरभ्र आणि वारा नसलेली रात्र. जमीन आपली उष्णता आभाळात सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वाफेचं पाणी होतं. ढगाळ रात्री ढग गोधडीसारखे वर असतात, म्हणून दव कमी. नुकताच पाऊस झालेला, आभाळ मोकळं झालेलं आणि वारा पडलेला, अशी रात्र आली तर कृष्णाकाठी सकाळी धुकं धरून चाला. फळछाटणीनंतर पान ओलं राहिलं की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, म्हणून अशा रात्रींच्या आधी फवारणीचं नियोजन करावं.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर दवाचे थेंब गोठले अशी बातमी दर हिवाळ्यात येते आणि लोक विचारतात, तापमापी तर सहा-सात अंश दाखवतेय. तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीच्या पेटीत असते. गवताचं पान तिच्यापेक्षा कितीतरी गार होतं. गार हवा जड, ती खोलगट भागात उतरून साचते. तुमच्या शेतातही खालच्या ओढ्याकाठचा प्लॉट वरच्या माळापेक्षा थंड असतो. अंदाजात दहा अंश लिहिले असतील तर त्या प्लॉटसाठी दोन-तीन वजा करून वाचा.

पायरी ८ : स्वतःचा पर्जन्यमापक आणि वही

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, पण आधी सांगितलं की कुणी करत नाही. तोंडाचा व्यास ११.३ सेंटिमीटर असलेला सरळ भिंतीचा डबा घ्या. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ शंभर चौरस सेंटिमीटर भरतं. साठलेलं पाणी औषधाच्या मापानं मोजा, दर १० मिलीलीटरला एक मिमी पाऊस. डबा दुसऱ्या मापाचा असेल तर मिलीलीटरला क्षेत्रफळानं भागून दहानं गुणा. जमिनीपासून फूटभर वर, मोकळ्यात, झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. एक मिमी म्हणजे एकराला चार हजार लीटर पाणी, हे लक्षात घेतलं की ड्रिप किती वेळ बंद ठेवायचं ते कळतं. ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं, तो आकडाही महसूल मंडळाच्या यंत्राचा धरण्यापेक्षा तुमच्या डब्यातला धरा. मात्र फळपीक विम्याला ‘महावेध’ या सरकारी हवामान-केंद्र योजनेच्या मंडळातल्या केंद्राचाच आकडा चालतो, तुमची वही नाही. तेव्हा त्या केंद्राचा आकडाही शेजारच्या रकान्यात लिहीत जा. दोन्हींत किती अंतर पडतं ते तुम्हालाच दिसेल.

वहीत मी पाच रकाने पाडलेत : तारीख, आदल्या दिवशीचा अंदाज जसाच्या तसा, सकाळचा दवबिंदू, डब्यातले मिमी, मंडळाचे मिमी. शेवटी एक ओळ, वारं कुठून होतं आणि ढग कुठून आला. डबा सकाळी साडेआठलाच ओतायचा. कोरडा असला तरी शून्य लिहायचं, नाहीतर पुढच्या वर्षी वही उघडल्यावर कळत नाही की त्या दिवशी पाऊस नव्हता की आपण लग्नाला गेलो होतो.